पोचल्याचा फोन

आमच्या घरातून कोणी प्रवासाला निघालं, की ते मुक्कामी पोचेपर्यंत घरात झाडू लागत नसे. हा कायदा आत्याबाईंचा. रीत तशी सगळ्यांच्याच घरी असते. माणूस उंबरठ्याबाहेर पडलं की पाठोपाठ केर काढू नये, एवढीच ती रीत. लोक जरा वेळ थांबतात, फार तर रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत, आणि आपापल्या कामाला लागतात. आत्याबाईंना हे अर्धवट वाटायचं. निघालेलं माणूस अजून रस्त्यात आहे आणि रस्त्यात असेपर्यंत त्याची पावलं घरातून पुसायची नाहीत, असं त्यांचं म्हणणं. वारासिवनीला कोणी गेलं तर तासाभराचा प्रश्न. गोंदियाला गेलं तर दुपारपर्यंत. आमचे हे कचेरीच्या कामाने भोपाळला जात, तेव्हा दुसऱ्या दिवसापर्यंत भाजीची देठं आणि तांदळातले खडे घरात जिथल्या तिथे पडून राहत. आणि मग आमची मुलगी टोरांटोला गेली.

आत्याबाई म्हणजे माझी मोठी नणंद. आमच्या मुलीची, गुड्डीची, आत्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना आत्याबाई म्हणे. मी नुसतं बाई म्हणायचे. लांजीकडच्या एका गावात त्यांना दिलं होतं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हा बालाघाटला भावाच्या घरी आल्या त्या कायमच्या. माझं लग्न त्यानंतरचं. म्हणजे या घरात त्या माझ्या आधीच्या. ही गोष्ट त्यांनी मला कधी ऐकवली नाही, पण मीही कधी विसरले नाही. मी सकाळी शाळेत शिकवायला जात असे आणि गुड्डी त्यांच्या मांडीवर वाढत असे. ती बोलायला लागली तेव्हा पहिला शब्द 'आत्या' बोलली. हे मी आता हसून सांगते, पण हसून सांगता यायला बरीच वर्षं गेली.

आडपडदा कशाला ठेवू, मी त्यांच्यावर जळत असे. त्या वाईट असत्या तर बरं झालं असतं. वाईट नणंदेबद्दल चार बायकांत बसून बोलता येतं, माहेरी जाऊन रडता येतं. आत्याबाईंनी मला कधी टोचून बोलल्याचं आठवत नाही. स्वयंपाकात मीठ कमी पडलं तर वरून घेऊन मुकाट्याने जेवायच्या. अशा माणसाचा हेवा वाटू लागला की तो गिळून टाकावा लागतो, आणि गिळलेला हेवा पचत नाही.

गुड्डी पहिल्यांदा परदेशी निघाली तेव्हा आम्ही दोघं तिला नागपूरला विमानतळावर सोडायला गेलो. आत्याबाई आल्या नाहीत. "मी आली तं घर कोण पाहीन?" म्हणाल्या. घर पाहायचं म्हणजे काय, तर कामवाली झाडूला हात लावत नाही ना, एवढं पाहायचं. आम्ही उशिरा परतलो आणि दमून झोपलो. सकाळी मला जाग आली ती झाडूच्या आवाजाने. आत्याबाई ओसरीपासून मागच्या अंगणापर्यंत मोठ्या समाधानाने घर झाडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "पोचली पोरगी. पाच तासाचं तं हाये."

गुड्डीच्या तिकिटाची एक प्रत ह्यांनी फ्रिजवर चिकटवून ठेवली होती. आत्याबाईंना इंग्रजी येत नसे, पण त्यावरचे आकडे त्यांनी वाचले होते. दिल्लीहून विमान सुटायची वेळ पहाटे तीन, टोरांटोला उतरायची सकाळी आठ. बोटांवर मोजले, पाच तास झाले. बालाघाटहून नागपूरला गाडीने जायलाही जवळजवळ तेवढेच लागतात. मी शाळेत भूगोल शिकवलेली बाई. मी त्यांना समजावून सांगितलं की तिकिटावरचे आठ हे तिकडच्या घड्याळातले आठ, आपल्याकडे तेव्हा दिवस मावळायला आलेला असतो, विमानाला खरे चौदा-पंधरा तास लागतात. त्या झाडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"मंग पोरगी आता कुठी हाये?"

मी वर बोट दाखवलं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवून ठेवला, बाहेर गोळा करून ठेवलेला केर सुपात भरला, परत घरात आणला, आणि ज्या खोलीतला त्या खोलीत नीट पसरला. मी पाहत राहिले. त्यानंतर दिवसभर त्या जेवल्या नाहीत. ह्यांनी विनवलं, मी रागावले, उपयोग झाला नाही.

दिवेलागणीला ह्यांच्या मोबाईलवर गुड्डीचा फोन आला. मी हात पुढे केला होता, पण फोन आत्याबाईंच्या हातात गेला. त्या रडत होत्या. तू आभाळात असताना मी घर झाडलं, माझ्यावर रागावू नको, असं काहीबाही सांगत होत्या. गुड्डी आधी हसली, मग तीही रडली, आणि तिने तिथल्या तिथे कबूल केलं की यापुढे विमानातून उतरल्या उतरल्या पहिला फोन आत्याला करीन, तो येईपर्यंत आत्याने झाडू मारू नये. हा करार माझ्या देखत झाला. त्यात मला कोणी काही विचारलं नाही.

तेव्हापासून माझी मुलगी सुखरूप पोचली हे मला झाडूच्या आवाजावरून कळू लागलं. पुढे आत्याबाईंना स्वतःचा मोबाईल मिळाला, तो त्यांच्या खोलीत वाजे. मी स्वयंपाकघरात असे. "पोचली का व माय?" एवढं ऐकू येई, मग थोडा वेळ हसणं, आणि मग सपसप झाडू. माझ्या फोनवर ती नंतर येई, सामान मिळाल्यावर, टॅक्सीत बसल्यावर, कधी घरी जाऊन झोपून उठल्यावर. "आई, आत्यानं सांगतलं असन ना," हे तिचं पहिलं वाक्य. आत्याने सांगितलेलं असे. मग आमच्याकडे बोलायला काय उरणार? जेवलीस का, थंडी किती आहे, नोकरी पक्की झाली का, पुढचा काही विचार आहे की नाही. शेवटच्या प्रश्नाला तिकडे नेटवर्क जात असे.

आत्याबाई तिला असले प्रश्न विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, खिडकी मिळाली का. दुसरा, बाजूला कोण बसलं होतं. तिसरा, काय खायला दिलं आणि त्यातलं काय टाकलं. मग खाली काय काय दिसलं. गुड्डी त्यांना सगळं सांगत बसे. ढग वरून कसे दिसतात, बर्फाच्या जमिनीवर नद्या कशा भेगांसारख्या दिसतात, शेजारची म्हातारी सगळ्या प्रवासात नातवाचा स्वेटर कशी विणत होती. आत्याबाई मध्येच "हौ?" म्हणत. मी दारातून जाता-येता ऐकत असे. खिडकी मिळाली का, हे विचारावं असं माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. माझ्या मनात विमान पडायचं, हरवायचं, त्याला उशीर व्हायचा, एवढंच यायचं.

अंतराचंही तसंच. दिल्ली ते टोरांटो किती लांब, हे एकदा ह्यांनी मोबाईलवर पाहून सांगितलं. साडेअकरा हजार किलोमीटरच्या वर. मी ह्यांना पुन्हा पाहायला लावलं. आत्याबाई तांदूळ पाखडत होत्या, त्या न थांबता म्हणाल्या, "लांजीच्या किती खेपा होतात, थे सांग." ह्यांनी भागाकार केला. दोनशेच्या जरा आत. आत्याबाईंची सासरची थोडी धानाची शेती लांजीकडे होती आणि तरुणपणापासून त्या दर आठवड्याला बसने तिकडे जात आल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "एवढी तं मी केव्हाच जाऊन आली." त्या दिवसापासून टोरांटो त्यांच्यासाठी लांब उरलं नाही. गल्लीत कोणी हळहळलं, की पोर फार दूर गेली हो, तर त्या म्हणत, "कायचं दूर? लांजीले जाऊन जाऊन तेवढं होते." आणि माझ्यासाठी ते गाव होतं तिथेच राहिलं, साडेअकरा हजारांच्या पल्याड.

गुड्डी पहिल्या सुट्टीत आली तेव्हा तिने आत्याबाईंसाठी मोठ्या पडद्याचा मोबाईल आणला. माझ्यासाठी स्वेटर आणला. बालाघाटात स्वेटर लागतो तो किती दिवस, ते इथल्या माणसांना ठाऊक आहे. त्या मोबाईलमध्ये तिने आकाशातली विमानं दाखवणारा नकाशा घालून दिला. त्यात प्रत्येक विमान पिवळं, अळीएवढं, हळूहळू सरकताना दिसतं. गुड्डी परत निघाली की आत्याबाई तो मोबाईल गुंडाला, म्हणजे पाण्याच्या पितळी भांड्याला, टेकवून ठेवायच्या आणि त्याच्यासमोर पाटावर बसायच्या. नावं इंग्रजीत. म्हणून दर अर्ध्या तासाने मला हाक. "मास्तरीण, पाह्य तं कुठवर गेली." मी हात पुसत जायचे आणि वाचून दाखवायचे. माझी मुलगी कुठे आहे, हे मी त्यांना वाचून दाखवायचे. शाळेत इतकी वर्षं जगाचा नकाशा शिकवला तो यासाठी, असं तेव्हा मनात यायचं.

घड्याळाचा घोळ मात्र त्यांच्या डोक्यातून पुरता गेला नाही. एकदा मी संत्रं घेतलं, चिमणीचा दिवा लावला, आणि एका बाजूला उजेड असताना दुसऱ्या बाजूला अंधार कसा असतो ते त्यांना दाखवलं. सहावीच्या मुलांना हे एका तासात समजतं. त्यांनी सगळं नीट पाहिलं, मान हलवली, संत्रं सोलून अर्धं मला दिलं, आणि म्हणाल्या, "समजलं. पन मंग गुड्डी निजते तवा मी जागी, अन् मी निजते तवा थे जागी. म्हणजे तिच्यावर कोणाचा ना कोणाचा डोळा राह्यते. बरं हाये." मी पृथ्वीचं फिरणं शिकवायला बसले होते. परतीच्या तिकिटावर तिकडची रात्र नऊ आणि इथली दुसऱ्या दिवशीची रात्र आठ पाहून त्यांनी आपला निष्कर्ष कधीच काढून ठेवला होता. सासरी जायला पाच तास, माहेरी यायला अख्खा दिवस, बाईच्या जातीला कुठेही गेलं तरी हेच. गुड्डीचं सासर टोरांटोत नव्हतं, तिची नोकरी होती, हे सांगून उपयोग नव्हता. हे वाक्य मी फोनवर गुड्डीला त्यांचं अज्ञान म्हणून सांगितलं. तिने ते आपल्या मैत्रिणींना मोठ्या कौतुकाने सांगितलं, आणि तिकडच्या दोन-तीन मुली आत्याबाईंना व्हिडिओ कॉलवर भेटायला आल्या.

घराच्या अवस्थेबद्दल बोलायला नको. मला स्वच्छता लागते. गुड्डी निघाली की दोन दिवस मी चप्पल घालून घरात फिरत असे. हाताने कचरा उचलला तर चालतो, अशी सूट आत्याबाईंनी दिली होती, म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनी मी वाकून वाकून केर वेचत असे. असंच एकदा तुमसरहून माझी बहीण न कळवता आली. ओसरीवर धानाचा कोंडा, स्वयंपाकघरात कांद्याची सालं, मी जमिनीवर बसलेली. तिने भुवई वर केली. मी काही बोलायच्या आत आत्याबाईंनी तिला पाणी दिलं आणि सांगितलं, "गुड्डी रस्त्यात हाये." बहिणीने भुवई खाली घेतली, चपला काढून आत आली, आणि संध्याकाळपर्यंत तीसुद्धा त्या पिवळ्या विमानासमोर बसून राहिली. माझी सख्खी बहीण.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नागपूरला झालं. गुड्डीला सुट्टी मिळाली नाही. तिने रोज फोन केला, खर्चाचं विचारलं, डॉक्टरशी इंग्रजीत बोलली, पण आली नाही. नागपूरला गेलो त्या दिवशी दवाखान्यात भरती व्हायच्या गडबडीत पोचल्याचा फोन घरी करायला आम्ही विसरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी सहज फोन लावला तेव्हा कळलं, की आत्याबाईंनी आदल्या दिवसापासून घरात झाडू लावू दिला नव्हता. कामवाली कंटाळून निघून गेली होती. मला रागच आला. मी टोरांटोला गेले नव्हते, नागपूरला गेले होते. फोनवर त्यांना म्हटलं की बाई, घर किती घाण झालं असेल, शेजारी काय म्हणतील. त्या म्हणाल्या, "शेजाऱ्याचं कोण होतं रस्त्यात?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, आणि नंतर शेजारणीने मला सांगितलं की लगेच झाडूचा आवाज आला.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला आत्याबाईंच्या छातीत पाणी झालं. गोंदियाला दवाखान्यात आठवडाभर ठेवलं. मग डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेतलं, आणि आम्ही त्यांना घरी आणलं. गुड्डीला मीच कळवलं. आजारी आहेत, जास्त आहे, एवढंच म्हटलं. माझा फोन संपायच्या आत तिने तिकीट काढायला घेतलं होतं, हे मला पलीकडच्या टकटकीवरून कळत होतं. सुट्टी मिळते का, साहेब काय म्हणतील, यातलं एक अक्षर ती बोलली नाही. मी फोन ठेवला आणि पलंगावर बसले. नणंद मरणाच्या दारात होती आणि माझ्या मनात माझा गुडघा आला. आला त्याला मी काय करू?

ती निघाली त्या सकाळी आत्याबाई शुद्धीवर होत्या. दोन चमचे चहा घेतला. हे डॉक्टरांना आणायला गेले होते. खोलीत आम्ही दोघीच.

"कुठवर आली?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचा मोबाईल घेतला, नकाशा उघडला. पिवळं विमान निळ्या रंगावर होतं. सांगितलं, समुद्रावर आहे बाई, पुढे बर्फ आहे.

"खिडकी भेटली का तिले?"

मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, भेटली.

"मंग पाहून राह्यली असन," म्हणाल्या आणि डोळे मिटले. डॉक्टर आले तेव्हा त्यांना फक्त नाडी पाहून मान हलवायची उरली होती.

लांजीकडची माणसं दुपारपर्यंत जीपने आली. गुड्डी दिल्लीला उतरणार रात्री, घरी पोचणार दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, थांबू या. ऊन रणरणत होतं, मोठी माणसं एकमेकांकडे पाहत होती. ह्यांनी सांगितलं की बाईंनीच बजावून ठेवलं होतं, माझ्यासाठी कोणाला थांबवू नका आणि मला बर्फावर निजवू नका. चारच्या सुमारास तिरडी उचलली आणि माणसं वैनगंगेकडे निघाली.

घरात बायका राहिल्या. तिरडी गेल्यावर घर लगेच झाडतात, धुतात. ही रीत कोणी अर्धवट पाळत नाही. शेजारच्या काकूंनी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि ओसरीपासून सुरुवात करायला वाकल्या. मी जाऊन तो त्यांच्या हातातून घेतला.

"माती उचलली का घर झाडा लागते, मास्तरीणबाई," काकू म्हणाल्या. "त्याले टाइम नाई लावत."

"पोरगी रस्त्यात हाये काकू. तिचा फोन आल्याबिगर या घराले झाडू लागणार नाई."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. बाकीच्या बायकाही रडायला लागल्या. सगळ्यांना वाटलं, नणंदेवर किती जीव आहे. असेलही, मी नाही म्हणत नाही. पण झाडू हिसकावून घेताना माझ्या मनात दुसरंच होतं. गुड्डी उतरली की घराचं विचारणार, हे मला ठाऊक होतं. त्या प्रश्नाला बाई असत्या तर जे उत्तर मिळालं असतं, तेच मला द्यायचं होतं, त्यात तसूभर कमी नको होतं. बाई घाटावर पोचल्या तरी मला त्यांच्यापुढे उणं पडायचं नव्हतं.

पुरुष अंघोळी करून परतले. दिवा लावला. घरात फुलांच्या पाकळ्या, तांदूळ, गवताच्या काड्या, चिखलाची पावलं, सगळं तसंच होतं आणि त्यातच सगळे बसलो होतो. मी ह्यांना म्हटलं, ती उतरली की तुम्ही फोन लावा आणि सांगा. ते हो म्हणाले. पण त्यांनी लावायच्या आधी आत्याबाईंच्या खोलीत फोन वाजला.

मोबाईल गुंडाशेजारी होता, सकाळी मी ठेवला तिथेच. पडद्यावर गुड्डीचा हसरा फोटो. मी उचलला आणि कानाला लावला.

"आत्या, उतरली मी. मार आता झाडू."

आवाजात धाप होती, बहुधा चालता चालता बोलत होती. किती आनंद होता त्या आवाजात. आत्या फोन उचलते आहे म्हणजे आत्या आहे, असा तो आनंद. माझ्याशी बोलताना तिचा आवाज असा कधीच नव्हता, आणि ते मला त्या क्षणीसुद्धा कळलं, त्या क्षणीसुद्धा लागलं.

"आत्या?"

"मी हाये गुड्डी. आई."

आत्याबाईंचा फोन इतक्या वर्षांत मी कधी उचलला नव्हता. पलीकडे विमानतळावरची सूचना चालली होती, ती सगळी ऐकू आली. मग तिने विचारलं, "कवा?" मी सांगितलं, सकाळी. घाटावर नेलं हेही सांगितलं. तुझी चौकशी करत होत्या, हे सांगितलं. खिडकीचं सांगितलं नाही. ते सांगायला मला पुढे बरेच दिवस लागले.

तिने विचारलं, "घर झाडलं का आई?"

"नाई. तू रस्त्यात होती ना."

मग ती रडायला लागली. त्या गर्दीत कुठेतरी बसली असावी. मी फोन धरून उभी राहिले. बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं, आणि बहुधा तेच बरं झालं, कारण तिने फोन ठेवला नाही. इतका वेळ ती माझ्याशी फोनवर कधी राहिली नव्हती. शेवटी पुढच्या विमानाची वेळ झाली तेव्हा तिने ठेवला. मी झाडू घेतला आणि सगळं घर झाडून काढलं. काकू मदतीला आल्या, पण मी त्यांना बसायला सांगितलं.

तेरवी झाली आणि गुड्डी परत गेली. ती निघताना मी म्हटलं, बाईंचा फोन बंद करून टाकू या. ती म्हणाली, राहू दे ना आई, तूच वापर. तिच्या मोबाईलमध्ये त्या नंबरापुढे 'आत्या' असं नाव आहे. ते तरी बदल, असंही एकदा सांगून पाहिलं. तिने ते बदललं नाही, आणि मी पुन्हा सांगितलं नाही.

आता ती कुठेही जायला विमानात बसली, की मी तो मोबाईल गुंडाला टेकवून ठेवते. घरात केर तसाच असतो. हे चप्पल घालून फिरतात. पिवळं विमान समुद्रावर गेलं की नावं मीच मला वाचून दाखवते. मागच्या खेपेला ती पोचली तेव्हा मी धीर करून विचारलं, खिडकी भेटली का? ती जराशी हसली, म्हणाली, "आई, तू पण?" आणि मग खाली काय काय दिसलं ते सांगू लागली. ते सांगणं पूर्वीइतकं लांबलं नाही. पण मी "हौ?" म्हणून पाहिलं.

माझा स्वतःचा नंबरही तिच्याकडे आहे. तो ती लावते, काही काम असलं की. पोचल्याचा फोन मात्र अजून आत्याबाईंनाच येतो. उचलते मी.